चालतंय ते का बदलायचं?

ऑफिसातल्या संगणकावर ऑटोकॅडची जुनी आवृत्ती आहे. तिच्यात भिंत काढता येते, जिना काढता येतो, मापं टाकता येतात, प्रिंट निघते. मग दरवर्षी नव्या आवृत्तीसाठी पैसे कशाला मोजायचे? वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात हिशोब बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न मार्च आला की पडतोच. लग्नपत्रिका छापणाऱ्याला तो कोरलड्रॉबद्दल पडतो, फोटो स्टुडिओवाल्याला फोटोशॉपबद्दल, आणि भोसरी-चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाला सॉलिडवर्क्सबद्दल. ड्रॉइंग करणाऱ्या मुलाला विचारलं तर तो सांगतो, "सर, आता सगळीकडे तेच चालतं."

उत्तर खोटं नाही. पण 'सगळीकडे तेच' कसं झालं आणि ते ठरवलं कोणी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आधी विकणाऱ्याच्या गल्ल्यावर बसून पाहावं लागेल.

१. न झिजणारा माल

ड्रिल मशीन झिजतं, मोटार जळते, आणि पाच-सात वर्षांनी गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढतं. सॉफ्टवेअर झिजत नाही. १९९७ सालच्या ऑटोकॅडमध्ये काढलेली सरळ रेषा आजही तेवढीच सरळ येते. घेणाऱ्याला हे सुखाचं, पण विकणाऱ्याला नाही. ज्याला एकदा माल विकला, तो परत येण्याचं कारणच उरत नाही. थोडक्यात, कंपनीची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी म्हणजे तिनेच काही वर्षांपूर्वी विकलेली चांगली आवृत्ती.

ही अडचण संगणकांच्या आधीपासूनची आहे. रोनाल्ड कोस या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीवर एक छोटा निबंध लिहिला. वस्तू फार टिकाऊ असेल तर एकटा विक्रेतासुद्धा मनमानी भाव लावू शकत नाही, कारण त्याची गाठ शेवटी स्वतःच्याच मालाशी पडते, असा त्याचा मुद्दा होता. त्यातून सुटायचे मार्गही त्याने सांगितले. एक म्हणजे वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्यायची. दुसरा म्हणजे ती कमी टिकेल अशी बनवायची. डिझाइन सॉफ्टवेअरचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास या दोन मार्गांचाच आहे. फक्त हा धंदा आधी दुसऱ्या मार्गाने गेला आणि मग पहिल्यावर आला.

सुरुवातीला दोन्ही मार्ग बंद होते. ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्याच्या आवृत्त्यांना नुसते क्रमांक असत, आणि त्या तयार होतील तेव्हा येत. बारावी १९९२ मध्ये आली, तेरावी १९९४ च्या अखेरीस, चौदावी १९९७ मध्ये. त्यातली तेरावी इतकी संथ आणि चुकांनी भरलेली निघाली की पुष्कळ ऑफिसं बारावीवरच थांबून राहिली, आणि चौदावी आली तेव्हा मधली पायरी गाळून थेट तिच्यावर गेली. कंपनीने काढलेली आवृत्ती गिऱ्हाइकाने नाकारली आणि त्यात त्याचं काही बिघडलं नाही. हे नाकारणं त्या काळी शक्य होतं, एवढं ध्यानात ठेवू.

२. नावात साल आलं

चौदाव्या आवृत्तीनंतर आलं ते पंधरावं ऑटोकॅड नव्हतं, ऑटोकॅड २००० होतं. ते आलं १९९९ मध्ये. २००३ साली २००४ ची आवृत्ती आली आणि तिथून दरवर्षी एक असा रतीब सुरू झाला. नावातलं साल नेहमी एक पाऊल पुढे असतं. २००७ ची आवृत्ती मार्च २००६ मध्येच दुकानात होती. सॉलिडवर्क्सचंही तसंच, पुढच्या सालाची आवृत्ती आदल्या वर्षाच्या शरदातच येते. कोरलड्रॉने जरा उशिरा, २०१७ मध्ये, 'एक्स-आठ'सारखी नावं सोडून सालाचं नाव घेतलं.

गुढीपाडव्याला आपण नवं पंचांग आणतो, कारण जुन्यातल्या तिथी आणि नक्षत्रं खरोखरच संपलेली असतात. गेल्या वर्षीच्या पंचांगावर या वर्षीची चतुर्थी धरता येत नाही. सॉफ्टवेअरला साल चिकटवलं की तेही पंचांगासारखंच दिसू लागतं, मुदत संपल्यासारखं, जरी आत काहीही संपलेलं नसलं तरी. बारावी आणि तेरावी आवृत्ती शेजारी ठेवली तर तेरावी एका आकड्याने मोठी, एवढंच कळतं. 'दोन हजार सहा'चं सॉफ्टवेअर २००९ साली वापरणारा माणूस मात्र मागासलेला वाटतो, आणि निविदेच्या कागदावर तसं लिहायला त्याला संकोचही होतो.

पण सालाचं कारण केवळ दिखाऊ नव्हतं. याच सुमारास कंपन्यांनी वार्षिक देखभाल योजना रुजवल्या. सॉफ्टवेअर एकदा विकत घ्या, मग दरवर्षी ठरावीक रक्कम भरा आणि त्या वर्षात जी आवृत्ती येईल ती मिळवा. रक्कम दरवर्षी घ्यायची तर हातात दरवर्षी काहीतरी ठेवायलाच हवं. मग आवृत्ती कधी येणार हे कामाच्या तयारीवरून ठरेनासं झालं, ते कंपनीच्या वसुलीच्या चक्रावरून ठरू लागलं.

अमेरिकेतल्या हिशोबाच्या नियमांनीही यात भर घातली. विक्रीच्या वेळी कंपनीने 'पुढे अमुक सोय देऊ' असं नेमकं वचन दिलं, तर ती सोय गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत विक्रीची काही रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायला अडचण येई. त्यामुळे तयार झालेली सुधारणा मधेच वाटून टाकण्यापेक्षा पुढच्या आवृत्तीच्या खोक्यात भरणं वित्त विभागाला सोपं जाई. हे नियम किती दूरवर पोचत, याचं एक गमतीदार उदाहरण २००७ मधलं आहे. मॅक संगणकांत आधीपासून बसवलेली वेगवान वाय-फायची सोय चालू करून देण्यासाठी ॲपलने १.९९ डॉलर घेतले आणि कारण म्हणून हिशोबाचे नियमच पुढे केले.

तारीख आधी आणि काम नंतर, अशी ही व्यवस्था असल्यावर काही सोयी अर्धवट शिजलेल्या बाहेर येणारच. अनुभवी मंडळी म्हणून नवी आवृत्ती आली की लगेच बसवत नाहीत. सॉलिडवर्क्सच्या प्रत्येक आवृत्तीनंतर वर्षभर दुरुस्त्यांचे संच येतात, त्यांना सर्व्हिस पॅक म्हणतात. क्रमांक शून्यापासून पाचपर्यंत. एखाद-दुसरा पॅक येऊन जाईपर्यंत कामाच्या मशीनला हात लावायचा नाही, हा अनेक कारखान्यांतला न लिहिलेला नियम. म्हणजे आवृत्ती धड वापरण्याजोगी होते तेव्हा पुढची दाराशी आलेली असते. वार्षिक चक्राबद्दलची पहिली खरी तक्रार ही आहे, आणि ती पैशांची नाही.

३. फाइलच्या पोटातली सहा अक्षरं

तरीही एक प्रश्न राहतोच. कोणी नवी आवृत्ती घेतलीच नाही तर? बारावीवर थांबलेल्या लोकांसारखं २००५ वर थांबून राहायला कोणाची हरकत?

हरकत शेजाऱ्याच्या फाइलची. ऑटोकॅडची कोणतीही डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. बाकी सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीला सहा अक्षरं वाचता येतात. 'एसी१०१५' असेल तर फाइल २००० च्या घडणीची, 'एसी१०१८' म्हणजे २००४ ची, 'एसी१०२१' म्हणजे २००७ ची, 'एसी१०२४' म्हणजे २०१० ची, 'एसी१०२७' म्हणजे २०१३ ची, आणि 'एसी१०३२' म्हणजे २०१८ ची. फाइल उघडताना सॉफ्टवेअर ही अक्षरं वाचतं. घडण ओळखीची किंवा जुनी असेल तर फाइल उघडते. स्वतःपेक्षा नवी असेल तर नकार मिळतो. वरून खाली वाचता येतं, खालून वर येत नाही.

समजा, २००७ सालातली एक इमारत आहे. वास्तुरचनाकाराकडे ऑटोकॅड २००७, स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे २००५, आणि वातानुकूलनाचं काम करणाऱ्याकडे २००२. वास्तुरचनाकाराने मजल्याचा नकाशा ईमेलने पाठवला. दोघांकडेही तो उघडला नाही. दोघांचे फोन आले, वाक्य एकच: "लोअर व्हर्जनला सेव्ह करून पाठवा." त्याने २००४ च्या घडणीत फाइल पाठवली. कन्सल्टंटचं काम झालं, पण २००२ वाल्याचं अडलं, कारण त्याला २००० ची घडण हवी. आता एकाच नकाशाच्या तीन फाइली झाल्या. आठवड्याने खिडक्यांची जागा बदलली, तेव्हा दोन फाइली सुधारल्या गेल्या आणि तिसरी राहून गेली. वातानुकूलनाची नळी खिडकीसमोर आली. या घोळानंतर नवं सॉफ्टवेअर कोण घेईल? सर्वांत जुनं वापरणारा, किंवा ज्याला काम टिकवायचं आहे तो. नव्या आवृत्तीत त्याला हवी अशी एकही सोय नसली तरी तो घेतो.

कोसने सांगितलेला 'वस्तू कमी टिकाऊ करा' हा मार्ग डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये असा अवतरला. तुमच्याकडचं सॉफ्टवेअर मोडत नाही, पण भोवतालच्या फाइली बदलत जातात. घडण बदलायला तांत्रिक कारणं असतात, हेही खरं. नव्या प्रकारच्या वस्तू साठवायला नवी जागा लागते. तरीही २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ हा क्रम जवळजवळ घड्याळाच्या काट्यावर चाललेला दिसतो. मग २०१३ ची घडण पाच आवृत्त्या टिकली, आणि २०१८ ची तर २०२५ च्या आवृत्तीपर्यंत बदललीच नाही. २०२५ च्या ऑटोकॅडमधली फाइल २०१८ मध्ये सरळ उघडते. मधल्या काळात काय झालं? २०१६ साली ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं आणि सॉफ्टवेअर फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडं दरमहा येऊ लागल्यावर फाइलीचा दट्ट्या लावायची गरज उरली नाही, असा माझा तर्क आहे. कंपनीने तसं म्हटलेलं नाही.

ऑटोकॅडमध्ये निदान खालच्या घडणीत उतरायचा जिना होता. रेव्हिटमध्ये तोही नाही. रेव्हिट म्हणजे इमारतीच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर काम करणारं सॉफ्टवेअर, ऑटोडेस्कने २००२ मध्ये १३.३ कोटी डॉलरना विकत घेतलेलं. त्याची फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केली की ती कायमची वर गेली, जुन्यात परत उघडत नाही. एखाद्या रुग्णालयाचा प्रकल्प चार वर्षं चालतो आणि त्यावर पाच-सहा ऑफिसं काम करतात. त्यातल्या एकाने चुकून नव्या आवृत्तीत सेव्ह केलं तर त्या दिवसाचं काम सगळ्यांचं थांबतं. म्हणून मोठी ऑफिसं एकाच संगणकावर रेव्हिटच्या तीन-चार आवृत्त्या शेजारीशेजारी बसवून ठेवतात, प्रत्येक प्रकल्पाची वेगळी. सॉलिडवर्क्सने मात्र २०२४ च्या आवृत्तीत मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत उतरून सेव्ह करण्याची सोय दिली. १९९५ पासून बाजारात असलेल्या सॉफ्टवेअरला हे सुचायला एवढा काळ लागला, यावरून अशी सोय देण्यात कोणाला किती घाई असते ते कळतं.

ही कुलपं तोडायचे प्रयत्नही झाले. डीडब्ल्यूजीची घडण ऑटोडेस्कने कधी उघड केली नाही. १९९८ मध्ये इतर कंपन्यांनी एकत्र येऊन एक संस्था काढली, आजची ओपन डिझाइन अलायन्स, आणि ती घडण बाहेरून उलगडून काढली. ब्रिक्सकॅडसारखी पर्यायी सॉफ्टवेअरं आज डीडब्ल्यूजी उघडू शकतात ती या कामावर उभी राहून. २००६ च्या अखेरीस ऑटोडेस्कने या संस्थेवर खटला भरला होता. फाइल अस्सल ऑटोडेस्कचीच आहे असं सांगणारी खूण संस्थेने नकलली, असा आरोप होता. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला.

४. बोटांचं शिक्षण

मुरलेला ड्राफ्ट्समन मेनूकडे पाहत नाही. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर. 'एल' दाबलं की रेषा, 'ओ' दाबलं की समांतर प्रत, 'टी-आर' दाबलं की नको तो तुकडा छाटायचा. या आज्ञा दशकानुदशकं तशाच आहेत, आणि ऑटोकॅडचं खरं भांडवल तेच आहे. त्यामुळे त्यांना हात लावला की माणसं चिडतात. २००९ च्या आवृत्तीत वर चित्रांची रुंद पट्टी आली, जिला रिबन म्हणतात. जुना चेहरा 'क्लासिक' नावाने काही वर्षं ठेवला होता, तो २०१५ मध्ये यादीतून गेला. २०२१ मध्ये छाटण्याची आज्ञाच उलटी झाली. पूर्वी आधी कापायची कड निवडावी लागे, आता थेट तुकड्यावर बोट ठेवायचं. नव्याने शिकणाऱ्याला हे सोपं. वीस वर्षं कड निवडत आलेल्या बोटांनी मात्र पहिल्या दिवशी भलत्याच भिंती छाटल्या. 'ट्रिमएक्स्टेंडमोड' नावाचा एक आकडा शून्य केला की जुनी पद्धत परत येते, पण हे आधी कोणीतरी सांगायला हवं.

फोटोशॉपमधला किस्सा याहून बोलका आहे. चित्र लहान-मोठं करताना प्रमाण राखायचं तर शिफ्ट दाबून धरायचं, हे शिक्षण वर्षानुवर्षं बोटांत मुरलेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीत नियम फिरला: काही न दाबता प्रमाण राहील, आणि शिफ्ट दाबलं तर बिघडेल. ज्यांनी शिफ्ट दाबलं त्यांच्या नवरदेवांचे चेहरे आडवे पसरले. सुरुवातीला जुनी सवय परत आणायची तर एक छोटी मजकूर-फाइल स्वतः लिहून ठरावीक फोल्डरमध्ये ठेवावी लागे. सेटिंगमध्ये साधी खूण करण्याची सोय नंतर आली.

यातली प्रत्येक सुधारणा सुटी पाहिली तर समर्थनीय आहे. नवी पद्धत बहुधा जास्त शहाणपणाची असते. पण शिकण्याचा वेळ बिलात लावता येत नाही, आणि तो कधी द्यायचा हे ऑफिसला ठरवता येत नाही. निविदेच्या आठवड्यात बोटं अडखळली तर तो खर्च कोणाच्या खाती टाकायचा?

बोटांसारखीच जोड-सॉफ्टवेअरंही अडखळतात. ऑफिसं आपल्या गरजेपुरते छोटे कार्यक्रम लिहून घेतात: दरवाजांचा तक्ता काढणारा, सळयांचं वजन मोजणारा. १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये असलेल्या ऑटोलिस्प भाषेतले असे कार्यक्रम बरेचसे आजही चालतात, ही कौतुकाचीच गोष्ट. पण २०२५ च्या आवृत्तीने आतला पाया बदलून डॉट नेट ८ वर नेला, तेव्हा त्या जुन्या पायावर बांधलेले कार्यक्रम पुन्हा घडवावे लागले. फाइल तीच, रेषा तीच, पण सळया मोजणारा कार्यक्रम बंद.

५. न बदलण्याचीही किंमत असते: मराठी अक्षरांचा दाखला

इथवर वाचून 'जुनंच बरं' असं वाटत असेल, तर मराठी छपाईकडे पाहायला हवं.

नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकं आणि साप्ताहिकं पेजमेकरवर जुळू लागली. अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची साधनं असत. त्या वेळी संगणकाला देवनागरी येतच नव्हती, म्हणून एक युक्ती केली जाई. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: कुठे अर्धा 'क', कुठे काना, कुठे रफार. माणसाला पडद्यावर 'पुणे' दिसे, संगणकाला मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ती माळ उघडी पडे. शोध चालत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, आणि मजकूर वेबसाइटवर टाकायचा तर पुन्हा टाइप करावा लागे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, ज्यात 'क'ला जगभर एकच क्रमांक असतो. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं. पण पेजमेकरला ते कळत नव्हतं, आणि २००१ मधली सातवी ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय आली ती २०१२ च्या 'सीएस-सहा' या आवृत्तीत. एका मोठ्या धंद्याने आपल्या लिपीची दखल घ्यायला २०१२ उजाडलं, हा राग बाजूला ठेवला तरी त्या वर्षीची आवृत्ती मराठी प्रकाशकासाठी खरोखर घेण्याजोगी होती. आणि नेमकी तीच अनेकांनी घेतली नाही, कारण पेजमेकर चालत होतं, हात बसलेला होता, फॉन्ट विकत घेऊन झाले होते.

त्याची किंमत हळूहळू कळली. सीएस-सहापर्यंतचं इनडिझाइन जुन्या पेजमेकरच्या फाइली उघडत असे, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ते सोडून दिलं. 'टाइप वन' या जुन्या जातीच्या फॉन्टना फोटोशॉप आणि इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये निरोप दिला. ज्यांनी मधल्या काळात मजकूर युनिकोडमध्ये काढून घेतला नाही, त्यांच्या जुन्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्तीसाठी आज एकतर जुना संगणक जपावा लागतो, नाहीतर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

म्हणजे आवृत्त्या सगळ्या सारख्या नसतात. दहांतल्या आठ टाळल्या तरी चालतं, एखादी टाळली तर महागात पडतं, आणि खोक्यावरच्या सालावरून ती कोणती हे कळत नाही.

६. विकत की भाड्याने

नोव्हेंबर २०११ पर्यंत ॲडोबीचा नियम उदार होता. मागच्या तीन आवृत्त्यांपैकी कोणतीही असली तरी सवलतीत नवी मिळे. म्हणजे एक-दोन आवृत्त्या गाळायची मुभा होती. मग कंपनीने जाहीर केलं की सवलत फक्त लगेचच्या मागच्या आवृत्तीवर मिळेल. फोटोशॉप वापरणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष स्कॉट केल्बी यांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला, आणि कंपनीने सीएस-तीन व सीएस-चारवाल्यांना २०१२ च्या अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली. पण ६ मे २०१३ रोजी तिने हा विषयच संपवला: सीएस-सहा ही विकत मिळणारी शेवटची आवृत्ती, यापुढे फक्त वर्गणी.

हिशोब मांडून पाहू. सीएस-सहाच्या वेळी अमेरिकेत फोटोशॉप ६९९ डॉलर, आणि नव्या आवृत्तीवर जायला १९९. आवृत्ती साधारण दीड वर्षाने येते असं धरू. सहा वर्षांत प्रत्येक आवृत्ती घेणारा ६९९ अधिक तीन वेळा १९९, म्हणजे १,२९६ डॉलर देतो. मधली गाळून एकदाच बदलणारा ८९८ देतो. एकट्या फोटोशॉपची वर्गणी महिना १९.९९ धरली तर बहात्तर महिन्यांचे सुमारे १,४३९. प्रत्येक आवृत्ती घेणाऱ्याला फरक थोडा पडला, गाळत जाणाऱ्याला दीडपटीहून जास्त. शिवाय सहा वर्षांनी विकत घेणाऱ्याच्या हातात सॉफ्टवेअर उरतं, भाडेकरूच्या हातात काही नाही.

फोटोग्राफर मात्र इथे फायद्यात राहिले, हेही सांगायला हवं. त्यांच्यासाठी २०१३ मध्येच फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून ९.९९ डॉलरची योजना आली. सहा वर्षांचे ७१९ डॉलर, म्हणजे गाळत जाणाऱ्यापेक्षाही कमी. फक्त भाड्याचा दर मालकाच्या हाती असतो. जानेवारी २०२५ पासून ही योजना नव्या गिऱ्हाइकांना बंद झाली.

ऑटोडेस्कने हा बदल टप्प्याटप्प्याने केला. ३१ जानेवारी २०१६ नंतर बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरचे नवे कायमचे परवाने बंद. जुने परवाने असणाऱ्यांचा वार्षिक देखभाल दर २०१७ मध्ये ५ टक्के, २०१८ मध्ये १० टक्के आणि २०१९ मध्ये २० टक्के वाढवला. शंभर रुपये भरणारा तीन वर्षांत १०५, ११५.५० करत १३८.६० वर गेला. मालकांनी आपण होऊन भाडेकरू व्हावं, असा त्यामागचा इरादा होता, आणि तो लपवलेलाही नव्हता.

कोसचा पहिला मार्ग हा असा चोखाळला गेला. पण या मार्गाने एक जुना दाब काढून घेतला. विक्रीच्या काळात नव्या आवृत्तीत काही दम नसेल तर ती खपत नसे, तेराव्या ऑटोकॅडसारखी. भाड्याच्या काळात आवृत्ती पोकळ असली तरी पैसे येतच राहतात. जुलै २०२० मध्ये झाहा हदीद आर्किटेक्ट्स, ग्रिमशॉ, रॉजर्स स्टर्क हार्बर यांच्यासह ब्रिटनमधल्या नामांकित वास्तुरचना संस्थांनी ऑटोडेस्कचे प्रमुख अँड्र्यू ॲनाग्नोस्ट यांना जाहीर पत्र लिहिलं, ते याच दुखण्याबद्दल. खर्च वाढत चाललाय आणि रेव्हिट मात्र फारसं पुढे जात नाही, असं त्यात म्हटलं होतं. वास्तुरचनाकारांच्या सोयींवरचं काम मागे राहिलं, हे ॲनाग्नोस्ट यांनी उत्तरात मान्य केलं. पूर्वीची कुरकूर होती की दरवर्षी नको तेवढं बदलतं. आता कुरकूर आहे की दरवर्षी पैसे जातात आणि पुरेसं बदलत नाही.

ॲडोबीचं वार्षिक उत्पन्न २०१२ मध्ये ४.४ अब्ज डॉलर होतं, २०२४ मध्ये २१.५ अब्ज झालं. सगळं श्रेय वर्गणीचं नाही, पण बरंचसं आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीवर खटला दाखल केला. 'दरमहा' दिसणारी योजना प्रत्यक्षात वर्षाची असते आणि मधेच सोडल्यास लागणारा दंड नीट दाखवला जात नाही, असा आरोप होता.

७. छोट्या ऑफिसाने काय करावं

प्रकल्प सुरू होताना आवृत्ती ठरवा आणि करारात लिहा: ड्रॉइंगची देवाणघेवाण अमुक घडणीत, प्रकल्प संपेपर्यंत बदल नाही. मग वर्गणीत नवी आवृत्ती फुकट येत असली तरी चालू कामाला ती लावायची नाही. ऑटोकॅडमध्ये सेव्ह करण्याची नेहमीची घडण सेटिंगमधून एकदाच खालची करून ठेवता येते, दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही. दुसऱ्याकडून नवी फाइल आलीच, तर ऑटोडेस्कचंच मोफत मिळणारं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू ती खालच्या घडणीत उतरवून देतं. कोरलड्रॉमध्येही सेव्ह करताना खालची आवृत्ती निवडता येते. छपाईवाले 'फॉन्ट कर्व्ह करून पाठवा' म्हणतात, तेव्हा त्यांना कर्व्ह केलेली प्रत द्या आणि मूळ मजकुराची फाइल स्वतःकडे ठेवा. कर्व्ह केलं की अक्षराचा नुसता आकार उरतो, त्यातली शुद्धलेखनाची चूक मग टाइप करून सुधारता येत नाही.

पर्यायही पाहून ठेवावेत. ब्रिक्सकॅड अजून कायमचा परवाना विकतं. ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरने २०२० पासून वेगळी रीत पाडली. नव्या आवृत्त्या येत राहतात, पण अधूनमधून एक 'दीर्घ आधाराची' आवृत्ती निघते, जिच्यात दोन वर्षं फक्त चुका दुरुस्त होतात. ज्याला स्थैर्य हवं तो तिच्यावर राहतो, ज्याला नवलाई हवी तो पुढे जातो. पैसे घेणाऱ्या कंपन्यांना हे अशक्य आहे असं मला वाटत नाही.

आणि प्रकल्प संपला की त्याची एक प्रत अशा घडणींत काढून ठेवा, ज्यांचं वर्णन सर्वांना उघड आहे. नकाशांसाठी पीडीएफ आणि डीएक्सएफ, इमारतीच्या प्रतिकृतीसाठी आयएफसी, यंत्रांच्या भागांसाठी स्टेप, मजकुरासाठी युनिकोडमधली साधी फाइल. वर्गणी सोडायची असेल तर हे काम आधी उरकावं लागतं, कारण मुदत संपल्यावर फाइली तुमच्याकडेच असतात, पण त्यांतून काही बाहेर काढायचं साधन गेलेलं असतं. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर महिनाभर आधी लिहून ठेवली की तेवढा अवधी मिळतो.